विश्रामची सोयरीक आणि गोल करवत

तुमची लग्नं पत्रिका बघून ठरली असतील, आमच्या विश्रामचं करवतीवर ठरलं. सत्तर सालच्या सुमारास आम्ही दोघं कांदिवलीच्या एका वखारीत सुतारकाम करायचो. मुलीचे वडील तात्या, तेही मुरलेले सुतार. मुलगा बघायला ते घरी न जाता थेट वखारीतच आले. मी पोहे सांगायला निघालो, तर म्हणाले, "पोहे राहू देत. विश्राम, करवतीचं मशीन चालू कर आणि या फळीला खाच पाड. आरपार नको, अर्धीच."

विश्राम तळव्याने दाबून फळी ढकलायला लागला. तात्यांनी बटणच बंद केलं.

"करवत कुठाय?"

"फळीखाली."

"दिसते?"

"नाही."

"आणि तुझा हात बरोबर तिच्या डोक्यावर. फळी सरली की ती उघडी पडणार, मग बोटांचं काय?"

विश्रामने हात मागे घेतला. मी मनात म्हटलं, वाट लागली, सोयरीक मोडली. तेवढ्यात तात्यांनी पिशवीतून जुना रंधा काढला. पातं काढून टाकलेलं, मागे फळीला अडकेल अशी पट्टी ठोकलेली.

"याने दाब, यानेच ढकल."

खाच झकास पडली. विश्रामने रंधा पुसून परत दिला आणि चाचरत विचारलं, "तात्या, मग आमचं कसं?"

तात्या चपला घालत म्हणाले, "रंधा ठेव तुझ्याकडे. मी हत्यार परक्याला देत नाही."