किल्ली खिशात आणि पंखा फिरतोय

मंडळी, आधी एवढं सांगा — जे बंद झालं, ते शांत झालं का? माना डोलवू नका, विचार करा! नाही सांगता येत? मग ऐका.

वडूजला गजानन फडतरे म्हणून एक गृहस्थ. त्यांनी जुनी मोटार घेतली — तीही एका वारलेल्या माणसाची! विकताना त्याची बायको म्हणाली, "भाऊ, बॉनेटच्या आत पुसायचं झालं तर आधी इंजिन गार होऊ द्या. आमचे हे गाडीशेजारी खुर्ची टाकून बसायचे. हात टेकवून बघायचे. मग बॅटरीची काळी वायर सोडायची, वायरींच्या जोडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, आणि नुसतं ओलं फडकं! पाण्याची धार कधी मारली नाही."

गजाननराव म्हणाले, "वहिनी, गाडी पुसायचीय की बाळंतिणीला न्हाऊ घालायचंय?"

हसा, हसा! तेही असेच हसले होते.

आला दसरा. गाडीची पूजा. मुहूर्त गाठायचा म्हणून हे बाजारातून झेंडू घेऊन भरधाव आले. दारात गाडी थांबवली, किल्ली खिशात टाकली, बॉनेट उघडलं. आत ही धूळ! कुंकू कालवता कालवता बायकोला ओरडले, "विमल! फडकं आण!"

विमलताई आल्या. "अहो, गार तरी होऊ द्या. त्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

"मुहूर्त तुझा बाप थांबवणार आहे का? गाडी बंद आहे! किल्ली माझ्या खिशात आहे! पूस!"

विमलताई गप्प झाल्या. गजाननरावांना वाटलं — पटलं हिला!

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. पान हलत नव्हतं. विमलताई आत वाकल्या... आणि थबकल्या. आतून आवाज येत होता. टक्... टक्... कुणी नखानं पत्रा वाजवावा तसा.

"अहो, आत कुणीतरी आहे."

"तापलेलं लोखंड आहे! पूस!"

पुन्हा वाकल्या. तोंडावर ऊन ऊन वारा आला. वारा कुठला — श्वासच तो! पदर खांद्यावरून घसरला, आत लोंबला, आणि — खर्रर्रर्र! पंखा फिरायला लागला! मंडळी, किल्ली खिशात, इंजिन बंद, आणि पंखा फिरतोय! पदर गुंडाळत चालला, आणि पदरामागून विमलताई!

गजाननराव धावले. स्टिअरिंगपाशी बसले, किल्ली काढली, लावली... आणि हात थिजला. बंद काय करणार? बंदच होती ना गाडी! काचेतून उघडं बॉनेट दिसतंय, पलीकडून बायकोची किंकाळी, आणि हातात किल्ली. कसली किल्ली हो ती?

तेवढ्यात विमलताईंना मागून कुणीतरी खांद्याला धरून खसकन ओढलं. पदर टरकन फाटला. त्या अंगणात पडल्या. पंखा घरघरला, मंदावला, थांबला.

"बरं झालं, ओढलंत मला," त्या मागं न बघताच नवऱ्याला म्हणाल्या.

गजाननराव अजून गाडीतच होते. खाली उतरले, आणि बघतात तर बायकोच्या खांद्यावर काळ्या ऑइलची पाच बोटं! ह्यांचे हात तर कुंकवानं लाल.

भुताचं म्हणाल तर मी सांगतो त्यातलं निम्मं धरा. म्हाताऱ्याला थोडं तिखटमीठ लागतंच! पण पंख्याचं पुरतं खरं धरा. इंजिन तापलेलं असलं, की काही गाड्यांचा पंखा किल्ली काढल्यावरही आपला आपण सुरू होतो. तो तुमच्या परवानगीला थांबत नाही!

मग? मुहूर्त टळला. गजाननराव खुर्ची टाकून बसले. हात टेकवून पाहिला, काळी वायर सोडली, पिशव्या बांधल्या, ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं. सगळं सुकल्यावरच वायर जोडली.  बायकोकडे बघायचा धीर मात्र ह्यांना झाला नाही.

आता तुमचं बोलू. वाद होतो, एकजण तोंड मिटतो, आणि दुसऱ्याला वाटतं — चला, मिटलं! नाही हो! आत टक् टक् चाललेलं असतं. तिथं लगेच हात घालू नका. "झालं ना आता?" असं विचारू नका. नुसतं जवळ बसा, धग ओसरेपर्यंत.

घ्या, नाम घ्या... आणि अहो, तिसऱ्या रांगेतले टोपीवाले, फार हसताय. जरा बायकांच्या बाजूला बघा. तुमच्या सौभाग्यवती मघापासून एकदाही हसलेल्या नाहीत.