दुपट्यातलं बाळ

सकाळी सव्वादहाला सुरू झालं बघा हे. काचीगुड्याच्या घरी मी खिडकीशी भाजी निवडत होते. खाली एक पोरगा माझ्या बाळाचं दुपटं छातीशी धरून पळताना दिसला, आत बाळाएवढं काहीतरी! पाळण्याकडं बघायचंही सुचलं नाही. ओरडलेच, "माझं लेकरू नेलं! धरा त्याला!"

मी खाली पळाले, सगळी गल्ली धावली. किराणावाल्या चाचांनी त्याची कॉलर धरली. "बच्चा चुराता क्या रे?" म्हणत एकानं हात उगारला. पोरगा रडकुंडीला आला, "नक्को मारो भाई, पिक्चर का काम है!"

तेवढ्यात सासूबाई बाळाला कडेवर घेऊन आल्या. "अगं, हा काय इथं! आंघोळ घालत होते मी."

मी बाळाला ओढूनच घेतलं. दुपटं सोडलं तर आत तांदळाची पिशवी.

मागून वरच्या मजल्यावरची श्रावणी मोबाईल धरून आली. कॉलेजासाठी ती कार्टूनची छोटी फिल्म करतेय, हा पोरगा तिच्याच वर्गातला. म्हणाली, "अक्का, आम्ही आधी स्वतः करून मोबाईलवर घेतो, त्यावरून चित्रं काढतो. हातात वजन नसलं तर पळणं खोटं दिसतं. दुपटं दोरीवर होतं, विचारायचं राहिलं."

"अगं, त्याला मारलं असतं ना लोकांनी!"

"हौ अक्का. पण तुमचं ओरडणं एकदम खरं आलंय. ठेवू का फिल्ममध्ये?"

उद्या परत पळणार आहेत म्हणे. बायांनो, गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवा, त्या पोराला कुणी धरू नका.