सासूबाईंच्या रक्तातली साखर

सन्माननीय अध्यक्ष सरपंच हनुमानभाऊ, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले डॉक्टर सुदाम वेखंडेसाहेब, आणि शहापूर-मुरबाडच्या गावोगावाहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, या गिरजाचा सर्वांना नमस्कार.

साहेबांच्या कामाचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण त्यांनी मला माझं घर परत दिलं, ते मी नाही तर कोण सांगणार?

माझ्या सासूबाई, लहानीबाई, यांना मधुमेह होता. इन्सुलिनची सुई रोज मीच द्यायची. एका सकाळी सुई घेतली, जेवल्या, अंगणात तांदूळ निवडायला बसल्या आणि बसल्या जागीच गेल्या. आमच्या घरी लेक आल्याशिवाय आईला उचलत नाहीत. माझ्या नणंदबाई, गोदूवन्सं, नाशिकहून पोचेपर्यंत दुपार टळली. (त्या काय समोरच बसल्यात, हसतायत बघा.) आई गेली हे त्यांना पटेचना. त्यांनी पर्समधलं स्वतःचं साखर तपासायचं यंत्र काढलं आणि आईचं बोट टोचलं. साखर पार तळाला. झालं! गिरजानं सुई जास्त दिली, अशी कुजबुज सुरू झाली. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, मला माहेरी धाडायचं ठरलं, पोलिसांनाही कळवलं.

शवविच्छेदन साहेबांनी केलं. मग बाहेर ओट्यावर आमच्यात येऊन बसले आणि आमच्याच बोलीत म्हणाले, "मानूस मेला तरी रक्तातल्या पेशी लगेच मरत नाय. उरलेली साखर त्या खात ऱ्हातात. दुपारचा आकडा सकाळचं काय सांगनार? ता यंत्र जित्या मानसाचा हाय, गो."

सासूबाईंच्या हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती, हेही त्यांनी समजावलं. तरी कुणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून नमुने तपासायला पाठवले. त्यातही वावगं काही निघालं नाही. सुतकात हसू नये म्हणतात, पण मी पदराआड हसले, आणि खूप रडलेही.

आता खरी गंमत ऐका. गोदूवन्सं हल्ली आमच्याकडेच राहतात, आणि गोळ्या पुरेनात म्हणून त्यांनाही सुई लागली. साहेबांनी विचारलं, घरी देणार कोण? वन्संनी माझ्यापुढे दंड केला. म्हणाल्या, "वैनीच देल. दुसऱ्या कुनाचा हात नको."

साहेब, तो दंड माझ्यापुढे आला तो तुमच्यामुळे. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. भाषणाची सवय नाही, काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. आता मात्र आवरतं घेते. वन्संना सुई देऊन आणलंय; जेवायला उशीर झाला तर पुन्हा नाव माझंच यायचं.