बारावी खुर्ची

दाफिशा: मामा, तुम्हाला या हॉटेलात आत कसं सोडलं? चार दिवस झाले आम्हा आमदारांना इथे ठेवून; सख्ख्या नवऱ्याचा फोन देत नाहीत मला.

मामा: सोडलं काय म्हणतेस, पक्षाने गाडी पाठवली दारात. अख्खं गाव बघत होतं. घे, आईने सुपारी दिलीय. आणि हे तुझं रेशमी जैनसेम. उद्या राजभवनात शपथेला हेच नेस.

दाफिशा: मी अजून हो म्हटलेलं नाही.

मामा: अगं, बाराच्या वर मंत्री घेता येत नाहीत आपल्या एवढ्याशा राज्यात. एकेक आमदार आशाळभूतासारखा बसलाय. आणि तू अपक्ष असून बारावी खुर्ची तुला चालून आली. असं कुणी लाथाडतं होय?

दाफिशा: साठांत त्यांचे तीसच आहेत. एकतिसावी मी, म्हणून चालून आली. खातं कोणतं, सांगितलं का तुम्हाला?

मामा: खाणी.

दाफिशा: आणि मी निवडून कशावर आले?

मामा: ते प्रचारातलं बोलणं...

दाफिशा: डोंगर फोडू देणार नाही, झरा आटू देणार नाही, यावर आले. घरोघरी तुम्हीच पुढे चालत होतात. आता त्याच सिमेंटवाल्यांना तोच डोंगर द्यायची फाईल पहिल्या बैठकीत येणार. मंत्री झाले की बैठकीचा निर्णय माझाही. बाहेर येऊन ब्र काढायची सोय नाही.

मामा: मग आत भांड.

दाफिशा: अकरा जणांशी?

मामा: आणि नको म्हणालीस तर?

दाफिशा: दुसरा गट येईल. त्यालाही डोंगरच हवाय. पण मी मोकळी असेन, ओरडता तरी येईल. मला घरी न्या मामा. तुम्ही गावचे मुखिया, तुमच्यासमोर मला धरून ठेवायची त्यांची छाती होणार नाही. काय झालं? उठा ना.

मामा: परवा मी डोंगर द्यायला गावच्या दरबाराची, सगळ्या गावसभेची, संमती दिली. सही केली.

दाफिशा: दरबार बसला होता?

मामा: बसवणार होतो. ते म्हणाले, तोवर भाचीची खुर्ची थांबायची नाही. आपल्या कुळात कुणी शिपाईसुद्धा झालं नाही गं. मला वाटलं, आधी मंत्री होऊ दे, कागदाचं मग बघू.

दाफिशा: डोंगराची जमीन आपल्या कुळाची. आपल्यात ती धाकट्या मुलीकडे येते, म्हणजे माझ्याकडे; माझ्या सहीशिवाय ती हलत नाही, हे कुळाचा कारभार बघणाऱ्या मामाला मी सांगायचं?

मामा: त्यांचा वकीलही तेच म्हणाला. म्हणाला, आता फक्त भाचीची सही राहिली.

दाफिशा: मग खुर्ची मला कुठे दिलीय? त्या सहीला दिलीय. फार राग येतोय मामा तुमचा. आणि तुम्ही इतक्या हौसेने हे रेशीम घेऊन आलात, त्याचं रडूही येतंय.

मामा: ऊठ. चपला घाल. चुकलं माझं. चल, आत्ता निघू. बघतोच कोण अडवतो.

बान्तेई: (दारात येत) मीच अडवतो, मुखिया. पक्षाने इथली व्यवस्था माझ्याकडे दिलीय. कुठे निघालात? जेवण येतंय. काळ्या तिळातलं डुकराचं मटण आहे.

मामा: भाचीला घरी नेतोय.

बान्तेई: दाफिशाताई उद्या साडेदहाला निघतील, आमच्याबरोबर.

मामा: मग मी एकटा जातो. गाडी सांग.

बान्तेई: ती कधीच परत गेली. तुमची झोपायची सोय शेजारच्या खोलीत केलीय. मोबाईल तेवढा द्या.

मामा: मी काय आमदार आहे?

बान्तेई: नाही ना. पण गावात जाऊन ती संमती मागे घेतलीत तर आमची पंचाईत. द्या इकडे.

(बान्तेई मोबाईल घेऊन जातो. बाहेरून कडी लागते.)

मामा: कडी लावली त्याने.

दाफिशा: रोज लावतात. बसा.

मामा: दाफिशा, तू सही करणार नाहीस ना?

दाफिशा: चार दिवसांपूर्वी घरी विचारलं असतंत, तर नाही म्हणाले असते. चार दिवस ही कडी ऐकल्यावर, आणि आता तुम्हालाही कोंडल्यावर, मला सांगता येत नाही मामा.