ताई सुटली, कर्ज सुटेना

...आणि वर ती बँकेतली बाई म्हणते, "घटस्फोट तुमचा झालाय, कर्जाचा नाही!" आता बोला! म्हणजे न्यायाधीशांनी वेगळी केलेली माणसं या बाईंच्या टेबलावर अजून नवराबायको! तुम्हाला सांगतो, मी तिथेच बसलो होतो, ताईच्या शेजारी. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, फिजिओथेरपिस्ट, घराच्या पुढच्या खोलीत दोन खाटा टाकून लोकांचे गुडघे सरळ करते. आणि तिच्या पलीकडे भाओजी... म्हणजे आता भाओजी नाहीत, पण मग त्यांना म्हणायचं काय? "अहो गृहस्थ"? जीभ वळत नाही हो, जाऊ द्या.

बरं, भांडण असतं तर समजू शकलो असतो! अकरा वर्षांत या दोघांचं पंख्याच्या वेगावर एकमत झालं नाही, आणि घराचं पाच मिनिटांत ठरलं. घर ताईनं ठेवायचं, कारण पेशंट तिथेच येतात. हप्तेही तिनंच भरायचे. भाओजींनी आपलं नाव काढून मोकळं व्हायचं, कारण त्यांना स्वतःसाठी एक खोली घ्यायचीय आणि जुनं कर्ज डोक्यावर असताना नवं देतो कोण? साधी गोष्ट! एक नाव खोडायचं!

बाई म्हणाल्या, "होईल की. अर्ज करा. दोघांची सही लागेल."

केली सही. मग म्हणे, "आधी यांनी घरावरचा हक्क सोडल्याचं पत्र नोंदवून आणा." गेलो नोंदणी कार्यालयात. तिथला कारकून नाकात बोलणारा, "घंर गंहाण आंहे नां? मंग आंधी बँकेचं नां-हंरकत पंत्र आंणा." आलो परत. बाई म्हणतात, "ना-हरकत देऊ ना, पण हक्क सोडल्याशिवाय कसं देणार?" अहो, मग हे आधी की ते आधी? मी दोनदा विचारलं, बाईंनी दोनदा समजावलं, दोन्ही वेळा मला पटलं, आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा सगळं डोक्यावरून गेलेलं! शेवटी मोठ्या साहेबांनी तोडगा काढला, तात्पुरतं ना-हरकत द्यायचं. वा! "फक्त अर्ज नव्यानं करा. दोघांची सही लागेल."

तुम्हाला सांगतो, संसार होता तेव्हा ही दोघं एकमेकांच्या वाट्याला इतकी येत नव्हती! आता दर मंगळवारी एकाच बाकावर. एकदा भाओजींची मान आखडलेली, वाकडे होऊन बसलेले. ताई बराच वेळ दुसरीकडे बघत होती, मग राहवेना, "असा काय बसलायस? खांदा खाली घे. हनुवटी आत." आणि दिली की तिथेच मान मोकळी करून! बाई संगणकाआडून बघतायत, "तुम्ही नक्की वेगळे झालात ना? नाही, फाईल तशी वर पाठवलीय मी..."

पण कसंबसं हक्क सोडल्याचं पत्र नोंदवून झालं बरं का, आणि आला शेवटचा अर्ज. त्यात एक रकाना, "सहकर्जदाराशी नातं". ताईचं पेन थांबलं.

"काय लिहू?"

"पती लिही," भाओजी म्हणाले.

"नाहीयेस तू."

"मग माजी पती."

"संगणकात माजी नाही," बाई म्हणाल्या. "पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर."

ताईनं लिहिलं, "इतर". तेवढीच तीन अक्षरं. पण भाओजी चष्मा पुसत राहिले, आणि मी... मी उगीच भिंतीवरचे व्याजदर वाचत बसलो!

संपलं, वाटलं? बाई म्हणतात, "मॅडम, तुमच्या एकटीच्या उत्पन्नावर एवढं कर्ज बसत नाही. एक नाव काढायचं तर एक घालावं लागेल."

भाओजी हळूच म्हणाले, "राहू दे माझंच. खोलीचं बघू पुढे कधीतरी."

"नाही," ताई म्हणाली. "तू मोकळं व्हायचंस. ठरलंय आपलं." रागानं नाही हो, कसं सांगू... आखडलेल्या पेशंटशी बोलते ना, तसं. भाओजींनी मान हलवली.

आणि मग तिघं माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बघितलं, मागे कोणी आहे का! कोणी नव्हतं. बाई एकदम गोड आवाजात, "तुम्हाला पगार किती?" आता ताई समोर, नाही कसं म्हणणार? भाओजींनी स्वतःचं पेन पुढे केलं. केली सही! बाईंनी अर्ज वाचला, "अविवाहित? उत्तम! म्हणजे काही गुंतागुंत नाही."

नाही ना! बेचाळीस वर्षं या सगळ्यापासून चार हात लांब राहिलो, आणि आता पुढची चौदा वर्षं सहकर्जदार! बायको नाही, भांडण नाही, घटस्फोट नाही... अहो, लोकांना निदान सुरुवातीला लग्नाचं जेवण तरी मिळतं, मला एकदम हप्ते!