पहिल्या पानावरचे वडील

जुन्या जालन्यातल्या कापडवाल्या शेठची वेबसाइट मीच बनवली, म्हणून सांगतो. शेठ म्हणाले, “पहिल्या पानावर वडिलांचा फोटो पाह्यजे. मोठा, हार घातलेला.”

मी म्हणलं, “शेठ, तिथं साड्या दाखवू.”

“साड्या मंग. आधी वडील.”

टाकला. बापलेकाचा चेहरा बिलकुल एकच.

लग्नसराई आली, दुकान रिकामंच. एक दिवस टेंभुर्णीचं जुनं गिऱ्हाईक आलं अन् शेठला गादीवर बसलेलं पाहून दारातच थबकलं.

“शेठ, मोबाइलवर तुमचा फोटो पाह्यला. दुकान बंद झालं समजून पोरीच्या लग्नाचा बस्ता दुसरीकडं बांधला. आज तुमच्या घरच्यांना भेटायला आल्तो.”

मी हळूच विचारलं, “फोटो काढून टाकू?”

“वडिलांचा फोटो काढत न्हाईत,” शेठ म्हणाले. “शेजारी माझा टाका. खाली लिहा, हे जिवंत आहेत.”