समईचा नवस आणि विजेची बाकी

आता मला सांगा, ज्या बाईनं श्रावण लागल्यापासून बटणाला बोट लावलं नाही, तिच्याच नावावर बाकी? आणि तीही कशी... भरावी तितकी वाढती बाकी! अहो, कुठला न्याय हा?

तुम्हाला सांगते, आमचे हे पलटणीत, सरहद्दीवर. पत्र येईना, घास उतरेना, म्हणून भैरोबाला बोलले, "देवा, हे सुखरूप घरी येईपर्यंत विजेचा दिवा लावणार नाही, समईवर राहीन." आणि आमच्याकडची रीत अशी, की नवस फेडताना अंगावर कुणाचं देणं नको. वाण्याचं नको, गवळ्याचं नको, शेजारणीची वाटीभर साखरसुद्धा नको! माझ्या सासूबाई, रंगूबाई... जीभ विळ्यासारखी, पण मन लोण्याचं... त्या बजावतात, "देनं ठिवून फेडल्याला नवस देव माघारी लावतो, बाय!"

आणि नेमकं बिल आलं!

नागपंचमीला मी माहेरी शिराळ्याला गेलेली, सासूबाई त्यांच्या लेकीकडे. घराला कुलूप. मीटरवाल्यानं आपला अंदाजानं आकडा टाकला, मी मुकाट्यानं भरला. तर पुढच्या बिलात 'मागील बाकी'च्या रकान्यात सात रुपये! आकड्याच्या आधी एक आडवी रेघ. मला वाटलं, असेल, आपण कपाळाला चिरी लावतो तशी... सरकारी चिरी!

भरले सात. पुढच्या महिन्यात बारा! बारा भरले, तर बावीस! अहो, सावकारसुद्धा लाजेल! सासूबाई म्हणतात, "समईत बसून एवढी ईज जाळतीस कुठं गं?" बिल भरायच्या खिडकीत विचारावं, तर मागून रांग ओरडते, "आवं मावशी, सरका की! आमची एस्टी चुकंल!" काय करायचं माणसानं? भरावी तितकी वाढती बाकी!

आणि अशात यांचं पत्र आलं. रजा मिळाली, येतोय! देवापुढं साखर ठेवली, आणि तिथंच रडू फुटलं. बाकी अंगावर ठेवून नवस फेडू कसा? आणि देवानं माघारी लावला तर... पुढचं बोलवतसुद्धा नाही हो.

तरी हे येणार म्हणून काकणं भरायला गेले जरिनाकडे. आमच्या गल्लीतलं बांगड्यांचं दुकान तिचंच. ती म्हणते, "काकी, हात सैल सोडा की! काकणं फुटाय लागल्यात. जीव कशात हाय तुमचा?" मी कनवटीचं बिल काढून पुढं केलं.

तिनं रेघ बघितली. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "समजा, भामाबाईनं लेकीच्या चुड्याचा इसार दिला, आन चुडा भरला कमी. उरल्यालं पैसं कुनाचं देनं?"

"तुझं. तू भामाबाईचं देणं लागतीस."

"आन ती दर म्हैन्याला येऊन आनखी इसार देत ऱ्हायली तर?"

"मग भामाबाईला येड लागलंय म्हणायचं!"

जरिनानं बिल माझ्यापुढं सरकवलं. त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं...

अगं बाई! ती भामाबाई मीच की! रेघ असली की पैसे आपले, तिकडं जमा. रेघ नसली की देणं आपलं. आणि मी जमेवर जमा चढवत बसलेली!

धरला तिचा हात आणि रडले. म्हटलं, "जरिना, नवस तू तारलास गं!" तर म्हणते, "देवानंच धाडलं तुमास्नी काकणं भराय. आन आज पैसं नगं, काकी." "गप!" म्हटलं, "आता कुठं सुटले, पुन्हा देणं चढवतीस व्हय?" मोजून दिले!

हे आले. भैरोबाला पुरणपोळीचा निवद दाखवला, नवस फेडला. घरी येऊन बटण दाबलं. घरभर लख्ख उजेड... आणि त्यात यांचा चेहरा! वाळलेला, रापलेला, पण हसरा. डोळे भरून बघावं म्हणते, तोवर हे उठले आणि... खट्! दिवा बंद!

"समई हाय की! कशाला उगं बिल वाढीवतीस?"

अहो, असं केलं तर ही जमा सरायची कधी? बसले आपली समईच्या उजेडात यांना बघत. म्हटलं, असू दे... माणूस इकडं आलं ना, बावीस रुपये राहू देत तिकडं!